तू म्हणजे तू: नगरच्या घरातली स्पॅनिश आणि पाचशे वर्षांची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा एसटीत बसून वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा मजकूर. बोललोय तसाच ठेवलाय, फक्त मधले "अं... म्हणजे" तेवढे काढलेत.

आजचा विषय घरातूनच आला. दिवाळीत ताईकडे गेलो होतो, नगरला. आता अधिकृत नाव अहिल्यानगर आहे, पण तोंडातून पटकन नगरच निघतं. तर ताईची मुलगी, माझी भाची, चार वर्षांची. मोबाईल समोर धरून तिनं मला म्हणून दाखवलं: "ऊनो, दोस, त्रेस, क्वात्रो..." असं थेट दहापर्यंत. स्पॅनिश! दाजींचा चेहरा बघण्यासारखा होता. मी पण टाळ्या वाजवल्या आणि सहज म्हणालो, "चल, मग मला त्रेस करंज्या आण बरं."

पोरगी माझ्याकडे बघत राहिली. काही कळलंच नाही तिला. तिच्यासाठी "त्रेस" म्हणजे तीन नव्हतं. ते गाण्यात "दोस"च्या नंतर येणारं काहीतरी होतं, बस.

स्वयंपाकघरातून तिची आजी म्हणाली, "आधी तिला मराठी तर नीट बोलू द्या. दोन्हीची खिचडी करून ठेवाल." दाजींचं म्हणणं, लहानपणीच कानावर पडायला पाहिजे, नंतर जीभ वळत नाही. आणि ताई मधे अडकलेली. तिनं मला विचारलं, "तू एवढा इतिहास वाचतोस ना? मग सांग, घरात कुणालाच येत नसलेली भाषा लेकराला शिकवता येते का?"

मी म्हणालो, थांब, यावर एक भागच करतो. तर ताई, हा तुझ्यासाठी.

निजामशहा आणि त्याचा डॉक्टर

तुम्हाला वाटेल, नगर आणि स्पॅनिश, काय संबंध? संबंध आहे, आणि तो जवळजवळ पाचशे वर्षांपूर्वीचा आहे.

नगर शहर वसवलं मलिक अहमदनं, पंधराव्या शतकाच्या शेवटी. त्याचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा. हा अगदी लहानपणी गादीवर आला आणि 1553 पर्यंत राज्य करत होता. आज आपण जो दगडी भुईकोट किल्ला बघायला जातो, तो त्याच्या मुलाच्या, हुसेनच्या काळातला. म्हणजे बुऱ्हाणच्या वेळी हे दगडी बुरूज अजून उभे राहायचे होते.

या बुऱ्हाणच्या दरबारात एक परदेशी डॉक्टर येत असे. नाव गार्सिया द ओर्ता. इतिहासाच्या पुस्तकांत त्याला पोर्तुगीज म्हणतात आणि ते बरोबरच आहे, कारण तो पोर्तुगालमध्ये जन्मला. पण त्याचं घराणं मूळचं स्पेनमधलं, ज्यू. स्पेनच्या राजा-राणीनं 1492 मध्ये फर्मान काढलं: ज्यूंनी एकतर ख्रिस्ती व्हायचं, नाहीतर देश सोडायचा. ओर्ताचे आईवडील सरहद्द ओलांडून पोर्तुगालमध्ये आले. पाचच वर्षांत तिथंही सक्तीनं धर्मांतर झालं. गार्सिया जन्मला साधारण 1501 मध्ये, सरहद्दीजवळच्या कास्तेलो द व्हिद या गावात. आईबाप स्पेनचे, गल्ली पोर्तुगीजांची. पुढे डॉक्टरी शिकायला तो परत स्पेनमध्येच गेला, सालामांका आणि अल्काला इथे. आणि 1534 मध्ये जहाजात बसून गोव्याला आला.

गोव्याहून तो घाट चढून निजामशहाकडे यायचा. राजाच्या दरबारात इतर हकीमही होते. औषधांची नावं अरबीत, दरबाराची भाषा फारसी, बाहेर बाजारात मराठी. अशा ठिकाणी हा लॅटिन आणि पोर्तुगीज बोलणारा माणूस. मग या दोघांनी काय केलं? ओर्तानं पुढे गोव्यात 1563 मध्ये औषधी वनस्पतींवर एक पुस्तक छापलं, त्यात तो स्वतः सांगतो: राजा मला रोगांची आणि औषधांची नावं अरबीत शिकवायचा, मी त्याला तीच नावं लॅटिनमध्ये शिकवायचो, आणि राजाला याची फार मजा यायची.

आता हे चित्र जरा डोळ्यांसमोर आणा. एक सुलतान, एक डॉक्टर. मधे कदाचित एखादी मुळी, एखादी बी ठेवलेली. हा म्हणतो तुमच्यात याला काय म्हणतात, तो म्हणतो आमच्यात असं म्हणतात, तुमच्यात काय? शब्दाला शब्द. अदलाबदल. समोर खरी वस्तू आहे, आणि दोघांनाही ते नाव हवंय, कारण दोघांचं काम त्याच्यावाचून अडतंय.

हे दोघं मोठे होते, लहान मुलं नव्हती, आणि ती भाषाही लॅटिन होती, स्पॅनिश नाही. मान्य. पण माझ्या भाचीला जे मिळालं नाही, ते नेमकं इथे आहे. तिला मिळाला आवाज. या दोघांकडे आवाज होता, वस्तू होती, आणि समोर उत्तर देणारा माणूस होता.

एक गंमत सांगतो. ओर्ताचं ते पुस्तक संवादाच्या रूपात आहे. एकीकडे ओर्ता, आणि प्रश्न विचारायला रुआनो नावाचा एक कल्पित डॉक्टर, जो स्पेनमध्ये त्याच्यासोबत शिकलेला असं दाखवलंय. आणि त्या घरात अंतोनिया नावाची एक दासी आहे, ती सांगितलेली वनस्पती घेऊन येते. पुस्तक त्यानं लॅटिनमध्ये लिहिलं असतं तर युरोपातल्या विद्वानांनी जास्त वाहवा केली असती. त्यानं लिहिलं पोर्तुगीजमध्ये, रोजच्या भाषेत, जास्त लोकांना कळावं म्हणून.

गोष्टीचा शेवट मात्र वाईट आहे. ओर्ता 1568 मध्ये वारला. पुढच्याच वर्षी गोव्याच्या इन्क्विझिशननं त्याच्या बहिणीला, कातारिनाला, छुपेपणानं ज्यू धर्म पाळल्याबद्दल जिवंत जाळलं. आणि 1580 मध्ये खुद्द ओर्ताची हाडं उकरून जाळली. म्हणजे त्या घरात दोन जगं होती, एक दाराच्या आत आणि एक दाराबाहेर. आत काय बोलायचं आणि बाहेर काय, हे त्या घरातल्या पोरांना अगदी लहानपणीच शिकावं लागलं असणार.

चूल जिवंत ठेवते

स्पेनमधून 1492 मध्ये निघालेले सगळेच पोर्तुगालला गेले नाहीत. हजारो कुटुंबं पूर्वेकडे गेली, तुर्की सुलतानाच्या राज्यात: इस्तंबूल, इझमीर, आणि आज ग्रीसमध्ये असलेलं सालोनिका. आजूबाजूला तुर्की, ग्रीक, बल्गेरियन. आणि यांच्या घरात काय? स्पॅनिश! ज्या देशानं हाकललं, त्याचीच भाषा. तिला लादिनो म्हणतात. लिपी हिब्रू, शब्द बरेचसे जुन्या स्पॅनिशचे, वर तुर्की आणि ग्रीकची फोडणी.

ही भाषा तिथे चारशे वर्षांहून जास्त काळ टिकली. पाठीशी ना राजा, ना विद्यापीठ, ना सर्टिफिकेट. ती टिकली कारण तिच्यात स्वयंपाक होत होता, तिच्यात भांडणं होत होती, बायका तिच्यात जुनी गाणी म्हणत होत्या, आजी तिच्यात म्हणी सांगत होती. घरात लेकराला भाषा "शिकवत" कोण होतं? कुणीच नाही. जेवायला हवं असेल तर त्याच भाषेत मागावं लागायचं.

मग ती कमी कशानं झाली? एकोणिसाव्या शतकात या मुलांसाठी फ्रेंच माध्यमाच्या शाळा निघाल्या. फ्रेंच आली म्हणजे नोकरी, फ्रेंच आली म्हणजे सुधारलेले लोक. पुढे नव्या राष्ट्रांच्या भाषा आल्या, तुर्की, ग्रीक. आईवडिलांनाच वाटायला लागलं की आपली घरची भाषा गावंढळ आहे. आणि सालोनिकाचे जे ज्यू ती बोलत होते, त्यांतल्या बहुतेकांना 1943 मध्ये नाझींनी आउश्वित्झला नेऊन मारलं. आज लादिनो बोलणारे फार थोडे उरलेत, तेही बहुतेक म्हातारे.

नाझींची गोष्ट वेगळी, तो खूनच होता. पण त्याच्या आधीचा भाग आपल्या ओळखीचा आहे की नाही? "घरात इंग्लिशच बोलायचं हं, नाहीतर शाळेत मागे पडशील." नगरमध्ये, संगमनेरमध्ये, कुठेही कान देऊन ऐका. म्हणून आजीची भीती मला हसण्यावारी न्यावीशी वाटत नाही. तिला स्पॅनिशची भीती नाही. तिला भीती आहे की घरातलं मराठीचं काम कमी होईल.

वर्ध्याहून मेक्सिकोला

आता उलटी गोष्ट. एक मराठी माणूस, स्पॅनिशच्या घरात.

पांडुरंग सदाशिव खानखोजे. विदर्भातले, शाळा वर्ध्याला. देश स्वतंत्र करायचा म्हणून तरुणपणीच बाहेर पडले, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत उतरले. इंग्रजांच्या राज्यात परत येणं शक्य नव्हतं. फिरत फिरत 1924 मध्ये मेक्सिकोला पोचले. तिथे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवलं, मक्यावर आणि गव्हावर संशोधन केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिवेरा, मेक्सिकोचे फार मोठे चित्रकार, त्यांच्या एका भित्तिचित्रात खानखोजे दिसतात, जेवणाच्या टेबलाशी पाव मोडून वाटणारा माणूस म्हणून.

त्यांनी लग्न केलं बेल्जियमच्या जान सिंदिक यांच्याशी. दोन मुली झाल्या, सावित्री आणि माया. आता या घराचा विचार करा. बाबा मराठी, आई बेल्जियमची, दाराबाहेर स्पॅनिश. त्या घरात स्पॅनिश कुणी मुद्दाम शिकवायची गरज होती का? नाही. ती दुकानात होती, शेजारी होती, खेळात होती. तिथे मुद्दाम शिकवावी लागली असती ती मराठी.

देश स्वतंत्र झाल्यावर खानखोजे परत आले, नागपूरला राहिले, आणि 1967 मध्ये तिथेच वारले. त्यांच्या मोठ्या मुलीनं, सावित्री साहनी यांनी, वडिलांचं चरित्र लिहिलं, ते 2008 मध्ये प्रसिद्ध झालं. मराठी वडिलांचं, मेक्सिकोत घडलेलं आयुष्य. आणि पुस्तकाची भाषा? इंग्रजी. यात वाईट काही नाही. भाषा रक्तातून येत नाही. जिच्यात काम होतं, ती हाताशी राहते.

अमेरिकेतल्या मराठी लोकांना हे विचारा. तिथे मराठी मंडळं रविवारच्या मराठी शाळा चालवतात, आईबाप हौसेनं पोरांना घेऊन जातात. आणि घरी? आई मराठीत विचारते, पोरगं इंग्लिशमध्ये उत्तर देतं. त्याला सगळं कळतं, पण बोलायची गरजच पडत नाही, कारण आईला इंग्लिश येतं हे त्याला माहीत आहे. सुट्टीत नगरला आजीकडे महिनाभर राहिलं की तेच पोरगं बोलायला लागतं. आजीनं व्याकरण थोडंच शिकवलं? आजीला इंग्लिश येत नाही, एवढंच.

मोबाईल शिकवेल का?

आता दाजींकडे येऊ. त्यांचं अर्धं बरोबर आहे. लहान मुलांचा कान खरंच तीक्ष्ण असतो. पण तो कान कुणाकडे असतो, हेही बघायला हवं.

अमेरिकेत पॅट्रिशिया कूल नावाच्या संशोधक आहेत. त्यांचा 2003 मधला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. इंग्लिश बोलणाऱ्या घरांतली नऊ महिन्यांची बाळं घेतली. काहींच्या समोर चिनी बोलणारी माणसं प्रत्यक्ष बसली, पुस्तकं वाचली, खेळणी दाखवली, अशा 12 बैठका. दुसऱ्या काही बाळांना तेच सगळं टीव्हीच्या पडद्यावर दाखवलं. मग तपासलं की चिनी भाषेतले बारीक आवाज कोणाला वेगळे ओळखू येतात. ज्यांच्यासमोर माणूस होता त्यांना आले. ज्यांच्यासमोर पडदा होता ती बाळं, चिनी कधीच न ऐकलेल्या बाळांइतकीच राहिली. प्रयोग तान्ह्या बाळांवरचा आहे आणि फक्त आवाजांपुरता आहे, चार वर्षांच्या मुलीला तो जसाच्या तसा लावू नका. पण निजामशहाची बैठक आठवते की नाही?

आणि आजींसाठीसुद्धा एक गोष्ट. दोन भाषांमुळे मूल गोंधळतं किंवा उशिरा बोलतं, असा ठोस पुरावा नाही. मुलं दोन भाषांचे शब्द एका वाक्यात घालतात हे खरं, पण ते सगळीकडची दुभाषी मुलं करतात. आपण नाही का "टेबल पूस" म्हणत? ही खिचडी पचते.

आता कामाचं. नगरच्या घरात स्पॅनिश आणायची असेल तर माझं म्हणणं असं: इंग्लिशच्या दारातून आणू नका, मराठीच्या दारातून आणा. ते दार जास्त रुंद आहे.

बघा. स्पॅनिशमध्ये जवळच्या माणसाला म्हणतात "तू". म्हणजे काय? तू! तोच उच्चार, तोच अर्थ. मोठ्या माणसाला म्हणतात "उस्तेद", जसं आपण आदरानं "तुम्ही" म्हणतो. इंग्लिशमध्ये हा फरकच नाही, आजीलाही "यू" आणि मांजरालाही "यू". नवा म्हणजे "नुएवो". नाव म्हणजे "नोम्ब्रे". दोन म्हणजे "दोस". हा योगायोग नाही, दोन्ही भाषा एकाच मोठ्या खानदानातल्या, लांबच्या चुलत बहिणी.

त्यांचे त आणि द आपल्यासारखेच, दातांना जीभ लावून. आणि सगळ्यात भारी म्हणजे, आपण म्हणतो "मला आंबा आवडतो". स्पॅनिशमध्ये "मे गुस्ता एल मांगो". "मे" म्हणजे मला. आंबे अनेक झाले की आपण "आवडतात" करतो, तेही "गुस्तान" करतात. इंग्लिशमधून शिकणारा माणूस इथे हमखास अडखळतो, कारण त्याच्या डोक्यात "मी आवडतो आंबा" अशी जुळणी असते. मराठी पोराला हे आयतंच येतं.

शब्द तर घरात पडलेलेच आहेत. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, आणि तिच्याकडून आपण कितीतरी उचललंय. बादली, स्पॅनिशमध्ये "बाल्दे". पाव, तिकडे "पान". पगार, तिकडे "पगार" म्हणजे पैसे चुकते करणे. पाद्री म्हणजे "पाद्रे", वडील. संगमनेरच्या शेतातला टोमॅटो मूळचा मेक्सिकोकडचा, त्याचं नावही तिथल्या नाव्हात्ल भाषेतून स्पॅनिशमध्ये "तोमाते" होऊन जगभर गेलं. आणि राहात्याला रस्त्यावर टोपल्या लावून विकतात तो पेरू? आपल्याकडचं ते नाव पेरू देशावरून आलं असं मानतात, आणि त्या देशात आज स्पॅनिश बोलतात. म्हणजे भाजीच्या पिशवीत अर्धा धडा तयार आहे.

पण शब्द असून भागत नाही, त्याला काम द्यावं लागतं. म्हणून ताई, तीन गोष्टी. एक, तुला आणि दाजींना तिच्यासोबत शिकावं लागेल, तिच्या एक पाऊल पुढे राहून. स्वतः न शिकता पोरीला शिकवायचं असेल तर होणार नाही. दोन, दिवसातलं एकच काम स्पॅनिशला द्या. जेवायची ताटं मांडणं म्हणा. तेव्हा "त्रेस" म्हटलं की तीन ताटं आली पाहिजेत. बाकी सगळा दिवस मराठीचा. तीन, पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायला लावू नका. मी टाळ्या वाजवल्या ती माझी चूक. टाळ्यांनी तिला कळलं की हे गाणं आहे, बोलणं नाही.

आणि अपेक्षा बेताची ठेवा. घरात कुणालाच भाषा येत नसेल तर पोरगी सहा महिन्यांत फाडफाड बोलणार नाही. दोन-तीनशे शब्द, चांगला उच्चार आणि परक्या भाषेची भीती नसणं, एवढं झालं तरी खूप झालं. पुढे मनात आलं तर ती स्वतः शिकेल.

अदलाबदल

हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी ताईला हे सगळं फोनवर सांगितलं होतं. तिनं त्यात स्वतःची एक भर घातली, आणि ती माझ्यापेक्षा हुशारीची निघाली. रात्री जेवताना भाची आजीला एक स्पॅनिश शब्द देते, आणि आजी तिला एक मराठी शब्द देते. तोही असा, जो आता घरात फारसा निघत नाही. पहिल्या दिवशी पोरीनं दिला "आग्वा", म्हणजे पाणी. आजीनं दिला "रांजण". रांजण काय ते दाखवायला शेजारच्या जुन्या वाड्यात जावं लागलं, आणि तिथे रांजणातल्या पाण्याला पोरगी आपणहून "आग्वा" म्हणाली.

आजीनं तक्रार करणं बंद केलंय असं नाही. परवाच म्हणाल्या, "ते तुमचं स्पॅनिश आधी माझ्याच डोक्यात बसेल." पण चहा प्यायल्यावर त्यांनी "मे गुस्ता" म्हटलं, असं दाजींनी स्वतः ऐकलंय.

तुमच्या घरात कुठली भाषा काम करते आणि कुठली नुसती शोकेसमध्ये बसलीय, ते आज जेवताना जरा बघा. आणि आजी घरात असेल, तर आज एक शब्द तिच्याकडून मागून घ्या. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत, काळजी घ्या!